सबटायटलच्या आधीचं हसू

आमच्या गावाला ज्या थॉमस एडिसनचं नाव आहे, त्याच्याच प्रयोगशाळेत चलच्चित्रांच्या यंत्रांवर सुरुवातीचं काम झालं. तेव्हा एडिसनकरणीला सिनेमाचं वेड असणं माफ व्हावं!

भयपट मला झेपत नाहीत. मारधाड मी पुढे पळवते. गंभीर सिनेमा मात्र मनापासून आवडतो. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) मी इथेच जन्मलेल्या माझ्या नऊ वर्षांच्या मुलासोबत पाहिला. शस्त्रक्रियेत नातवाची दृष्टी जाणार, म्हणून त्याआधी आजोबा त्याला शहर दाखवायला नेतात. लेक काही न विचारता मला बिलगला.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) लावला आणि फजिती झाली. राहायला खोली मिळावी म्हणून दोन मित्र बायका बनतात, यावर तो खिदळला. पण अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या बोलण्यावर आम्ही नवरा-बायको लोळत असताना तो सबटायटल वाचत होता. शिक्षिकेच्या सवयीने मी विनोद समजावला. समजावलेल्या विनोदावर कोण हसतं?

विनोदी सिनेमाला आपण हलका म्हणतो. पण भाषेची खरी परीक्षा तोच घेतो. दुःख चेहऱ्यावरून कळतं, शब्दातली गंमत कळायला त्या भाषेत वाढावं लागतं.

या उन्हाळ्यात आम्ही तो चौथ्यांदा पाहिला. एका ठिकाणी लेक सबटायटल येण्याआधीच हसला. का हसलास, हे मी मुद्दामच विचारलं नाही.