येदवाब्नेच्या दगडावर काय लिहिलं होतं?

आज आपण जाऊया पोलंडच्या ईशान्येला, येदवाब्ने नावाच्या छोट्या गावात.

तिथे बरीच वर्षं एक दगड उभा होता. त्यावर कोरलं होतं, की गेस्टापो आणि नाझी पोलिसांनी इथे १६०० ज्यूंना जिवंत जाळलं. वाचणारा मनातल्या मनात जर्मनांना शिव्या घालायचा आणि पुढे जायचा. पण खरं काय घडलं होतं?

१९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिननी पोलंड वाटून घेतला. येदवाब्ने सोव्हिएतांकडे गेलं. जून १९४१ मध्ये जर्मनीने हल्ला केला आणि गाव जर्मनांच्या ताब्यात आलं. ज्यूंनी सोव्हिएतांना साथ दिली, असा ठपका आधीच होता. त्यात जुना द्वेष आणि घरादाराचा लोभ मिसळला. १० जुलैला पोलिश शेजाऱ्यांनीच ज्यूंना चौकात गोळा केलं. काहींना आधीच मारलं. बाकीच्यांना, लेकराबाळांसकट, एका कोठारात कोंडून आग लावली. चिथावणी जर्मनांची होती, पण हात गावातले होते. पुढे पोलंडच्याच सरकारी संस्थेने तपास केला. त्यात मृतांचा आकडा निघाला किमान ३४०.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. सिस्टम पडली की आम्ही आधी लॉग बघतो, कोण काय म्हणतंय ते नंतर. इथेही लॉग होता! १९४९ मध्येच गावातल्या लोकांवर खटला चालला होता, काहींना शिक्षाही झाली होती. तरी नंतर उभारलेल्या दगडावर फक्त जर्मन आले.

जवळच्याच खेड्यात आंतोनिना विझिकोव्स्का या बाईने सात ज्यूंना लपवून वाचवलं. बक्षीस काय? मारहाण. शेवटी तिला तिथून निघून जावं लागलं.

२००० मध्ये इतिहासकार यान ग्रॉस यांचं पुस्तक आलं आणि अख्खा देश हादरला. २००१ मध्ये जुना दगड हटवला. राष्ट्राध्यक्ष क्वाश्निएव्स्कींनी गावात येऊन माफी मागितली. बऱ्याच गावकऱ्यांनी मात्र पाठ फिरवली.

नव्या स्मारकावर मेलेल्यांचा उल्लेख आहे. मारलं कोणी, ते आजही लिहिलेलं नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुठलंही स्मारक वाचाल, तेव्हा काय लिहिलंय ते तर बघाच. काय गाळलंय तेही शोधा. भेटू पुढच्या भागात!