खोकलं की डोकं का दुखतं? कियारीची गोष्ट, तीन वयांची

आजचा भाग थोडा माझ्याबद्दल आहे. हेडफोन लावा, आवाज मात्र बेतानेच ठेवा.

मी सत्तावीस वर्षांचा असताना जोरात हसलो, खोकलो की डोक्याच्या मागच्या बाजूला कळ यायची. काही सेकंदच, पण जीवघेणी. दोन वर्षं मी ती मायग्रेन समजून गोळ्या खाल्ल्या. मग बोटं बधिर व्हायला लागली. एकदा चहाचं गरम पातेलं हाताला लागलं, फोड आला, तरी मला भाजल्याचं कळलंच नाही. तेव्हा एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: कियारी मालफॉर्मेशन, टाइप १.

म्हणजे काय? कवटीच्या तळाला एक मोठं भोक असतं, त्यातून मेंदू मज्जारज्जूला जोडला जातो. काहींमध्ये कवटीचा मागचा कप्पा जन्मतःच लहान असतो. मग लहान मेंदूचं खालचं टोक त्या भोकातून मानेत उतरतं. साधारण ५ मिलिमीटरपेक्षा जास्त उतरलं, तर त्याला टाइप १ म्हणतात. हान्स कियारी या डॉक्टरांनी १८९१ साली प्राग शहरात या विकृतींचं वर्णन केलं, म्हणून हे नाव.

मोरीच्या जाळीवर काही अडकलं की पाणी तुंबतं ना, तसंच इथे होतं. मेंदूभोवतीच्या द्रवाची ये-जा अडते. खोकताना दाब वाढतो आणि कळ येते. कधी मज्जारज्जूच्या आत द्रवाची पोकळी तयार होते, तिला सिरिंक्स म्हणतात. माझ्या हाताला चटका कळला नाही, तो या पोकळीमुळे.

ओपीडीच्या बाकावर आम्ही तिघं होतो. निदान एकच, पण सल्ले तीन.

शेजारचे आजोबा अडुसष्ट वर्षांचे. पडले म्हणून स्कॅन केला आणि त्यात हे सापडलं. त्रास काहीच नव्हता. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन नको, काही वाटलं तर या." आकडा एकटा काहीच ठरवत नाही. असे कित्येक लोक आयुष्यभर मजेत जगतात.

दुसरी सहा वर्षांची चिमुरडी. तिची पाठ वाकडी व्हायला लागली, म्हणून आई घेऊन आली होती. मुलांमध्ये डोकेदुखीऐवजी कण्याचा बाक हे पहिलं लक्षण असू शकतं. अगदी लहान बाळांत गिळताना ठसका, घोरणं, झोपेत श्वास थांबणं दिसतं.

तिसरा मी.

ऑपरेशनला डिकंप्रेशन म्हणतात. मानेमागून चीर देऊन कवटीच्या तळाचं थोडं हाड काढतात, बहुधा पहिल्या मणक्याची मागची कमानही, म्हणजे जागा होते. पुढचा प्रश्न असा, की मेंदूचं जाड आवरण उघडून ठिगळ लावायचं का? न उघडलं तर द्रव गळण्याचा धोका कमी, पण पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता जास्त. मुलांमध्ये कधी नुसतं हाड काढून भागतं. सिरिंक्स मोठा असेल तर बरेच सर्जन आवरण उघडतात. माझं उघडलं.

वेगळं मतही आहे. मुंबईच्या केईएममध्ये काम केलेले डॉ. अतुल गोयल यांनी २०१५ साली ६५ रुग्णांच्या अनुभवावरून मांडलं, की मूळ दोष मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या अस्थिरतेत आहे, म्हणून ते स्क्रूने पक्के करावेत. यावर सर्जन मंडळींत वाद आहे. बहुतेक ठिकाणी डिकंप्रेशनच करतात.

आणि सगळ्यात लहान पेशंट? तो आईच्या पोटातला. टाइप २ हा पाठीचा कणा उघडा राहणाऱ्या बाळांमध्ये असतो. २०११ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत गर्भाच्या २६ आठवड्यांच्या आत पाठ शिवली. वर्षभराच्या आत डोक्यातलं पाणी काढणारी नळी, म्हणजे शंट, अशा ४० टक्के बाळांना बसवावी लागली; जन्मानंतर शिवलेल्यांत ८२ टक्क्यांना. पण बाळ लवकर जन्मण्याचा आणि आईच्या गर्भाशयाचा धोका वाढतो.

माझं काय झालं? खोकल्याची कळ गेली. बोटांचा बधिरपणा पूर्ण गेला नाही. ऑपरेशन पुढची हानी थांबवतं. आधी मेलेली जाणीव परत येईलच असं नाही. ती दोन वर्षं मला महागात पडली.

म्हणून एवढंच: खोकताना, शिंकताना, हसताना डोक्यामागे कळ येत असेल, हातांना गरम-गार कळत नसेल, चालताना तोल जात असेल, तर गोळी घेऊन गप्प बसू नका. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. आणि रिपोर्टमध्ये 'कियारी' दिसलं म्हणून घाबरून लगेच ऑपरेशनला धावूही नका. आधी विचारा: माझा त्रास खरंच यामुळेच आहे का?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!