बावला खून खटला : गोळी एकाची, गुन्हा किती जणांचा?

आम्ही बाग गावचे लोक कोर्टकचेरीसाठी ज्या इंदूरला धावतो, त्याच इंदूरशी जोडलेला हा खटला मला फार महत्त्वाचा वाटतो. ⚖️

१२ जानेवारी १९२५. मुंबईच्या मलबार हिलवर मोटार अडवून अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. मोटारीत त्यांच्यासोबत इंदूर दरबार सोडून आलेली मुमताज बेगम होती; हल्लेखोरांना तिला पळवून इंदूरला न्यायचं होतं. तिकडून जाणारे इंग्रज अधिकारी मध्ये पडले. एकाने तर गोल्फच्या काठीने झुंज दिली.

🔹 खटला मुंबई हायकोर्टात न्या. क्रम्प आणि ज्युरीपुढे चालला. आरोपींपैकी फणसे यांचे वकील होते जिना. तिघांना फाशीची शिक्षा झाली.

🔹 गोळी एकाची, मग बाकीचे दोषी कसे? उत्तर तेव्हाच्या दंडसंहितेच्या कलम ३४ मध्ये : समान इराद्याने मिळून केलेलं कृत्य प्रत्येकाचंच. बरेंद्रकुमार घोष खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२४ मध्येच हे ठामपणे सांगितलं होतं. आज हेच तत्त्व भारतीय न्याय संहितेच्या कलम ३(५) मध्ये आहे.

🔹 हायकोर्टाच्या अशा ज्युरी-निकालावर तेव्हा सरळ अपीलच नव्हतं! प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेलं, पण तिथेही दाद मिळाली नाही.

🔹 या प्रकरणाच्या चौकशीचा दबाव आल्यावर १९२६ मध्ये इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी गादी सोडली.

फाशीच्या शिक्षेवर अपिलाचा हक्क हवाच, हे हा खटला शिकवतो.