सांताक्लॉजवर खटला

‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’ हा नाताळचा चित्रपट १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये झळकला तो जून महिन्यात. ट्वेंटीएथ सेंच्युरी फॉक्स या कंपनीचे प्रमुख डॅरिल झॅनक यांचा हिशेब साधा होता: उन्हाळ्यात लोक जास्त सिनेमे बघतात, मग डिसेंबरपर्यंत थांबायचे कशाला? त्यामुळे जाहिरातीत नाताळचा उल्लेखच टाळण्यात आला. पोस्टरवर मॉरीन ओहारा आणि जॉन पेन ही तरुण जोडी ठळक होती, तर ज्याच्याभोवती सगळी गोष्ट फिरते तो पांढऱ्या दाढीचा म्हातारा मागे कुठेतरी. झलकपटात सांताक्लॉजचे नावही नव्हते. असा लपवून विकलेला हा चित्रपट पुढे अमेरिकेतल्या घरोघरी नाताळचा ठरलेला कार्यक्रम होऊन बसला. आज पाऊणशे वर्षे उलटून गेली तरी तो दर वर्षी दाखवला जातो.

मूळ कथा व्हॅलेंटाईन डेव्हिस यांची, पटकथा आणि दिग्दर्शन जॉर्ज सीटन यांचे. नाताळच्या खरेदीची झुंबड पाहून डेव्हिस यांच्या मनात आले, की हा सगळा बाजार खुद्द सांताक्लॉजने पाहिला तर त्याला काय वाटेल? कथेचे बीज एवढेच.

न्यूयॉर्कच्या चौतिसाव्या रस्त्यावर मेसीज हे अवाढव्य दुकान आहे. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, या दुकानातर्फे मोठी मिरवणूक निघते. १९२४ मध्ये सुरू झालेल्या या मिरवणुकीच्या शेवटी सांताक्लॉजचा रथ असतो आणि तो आला की नाताळच्या खरेदीचा हंगाम उघडला, असे समजतात. चित्रपटात ऐन वेळी सांताचे काम करणारा माणूस दारू पिऊन झिंगलेला सापडतो. ते बघून संतापलेला एक म्हातारा व्यवस्थापिका डोरिस वॉकरकडे तक्रार घेऊन येतो, आणि दुसरा इलाज नसल्याने ती त्यालाच रथावर चढवते. काम इतके फक्कड होते, की पुढे दुकानातल्या सांताच्या खुर्चीवरही त्याचीच नेमणूक होते. म्हातारा आपले नाव क्रिस क्रिंगल सांगतो. अडचण एकच, की तो सांताचे सोंग घेत नाही. मीच सांता, असे तो शांतपणे, कुठलाही आव न आणता सांगतो.

डोरिस घटस्फोटित आहे. संसारात एकदा ठेच लागल्याने तिने आपल्या मुलीला, सूझनला, परीकथांपासून कटाक्षाने दूर ठेवले आहे. सूझनचे काम आठ वर्षांच्या नॅटली वुडने केले. ही मुलगी मोठ्या माणसासारखी बोलते, आणि इतर मुलांच्या खेळात तिला घेत नाहीत, कारण प्राणी व्हायला सांगितले तर ती ‘मी मुलगी आहे’ म्हणून मोकळी होते. क्रिस तिला माकड व्हायला शिकवतो. हा प्रसंग वरकरणी गमतीचा आहे, पण चित्रपटातला श्रद्धेचा पहिला धडा तोच. सांताला मान, असे क्रिस तिला सांगत नाही. नसलेल्या गोष्टीची कल्पना कशी करायची, ते तो तिला दाखवतो.

सूझन पुरावा मागणारी. ती क्रिसची दाढी ओढून बघते, दाढी खरी निघते, पण तेवढ्याने तिचे समाधान होत नाही. तिचा अविश्वास डळमळतो तो एका डच मुलीमुळे. रॉटरडॅमच्या अनाथालयातून आलेली, नुकतीच एका अमेरिकन बाईने दत्तक घेतलेली ही लहान मुलगी सांताला भेटायचा हट्ट धरते. तिला इंग्रजी येत नाही. ती बाई ओशाळून क्रिसची माफी मागू लागते. तेवढ्यात क्रिस मुलीला मांडीवर घेतो आणि तिच्याशी डचमध्ये बोलू लागतो. दोघे मिळून सिंटरक्लासचे गाणे म्हणतात. पडद्यावर एका शब्दाचेही भाषांतर येत नाही. प्रेक्षकाला फक्त मुलीचा उजळलेला चेहरा दिसतो आणि बाजूला उभी राहून टक लावून पाहणारी सूझन. १९४७ च्या प्रेक्षकाला रॉटरडॅमचा अर्थ सांगावा लागत नव्हता. मे १९४० मध्ये जर्मन विमानांनी त्या शहराचा मध्यभाग जाळून टाकला होता. युद्धाचा उल्लेख न करता युद्धाची सावली आणणारा असा दुसरा प्रसंग नाताळच्या चित्रपटांत शोधावा लागेल. शिवाय डच भाषेला इथे जागा आहे ती उगाच नाही. आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे चौथ्या शतकातले बिशप संत निकोलस यांची परंपरा नेदरलँड्समध्ये सिंटरक्लास म्हणून रुजली आणि न्यूयॉर्क मुळात डचांनीच वसवलेले. अमेरिकेचा सांताक्लॉज घडला तो या वारशातून.

आता कथेतली खरी मेख. क्रिस दुकानात बसून गिऱ्हाइकांना सरळ सांगू लागतो, की अमुक खेळणे आमच्याकडे नाही, तमक्या दुकानात मिळेल. अग्निशमन दलाच्या खेळण्यातल्या गाडीसाठी पायपीट करून वैतागलेली एक आई हे ऐकून थक्क होते. हे काम करणाऱ्या थेल्मा रिटर या अभिनेत्रीचा हा पहिलाच चित्रपट. श्रेयनामावलीत तिचे नावही नाही, पण तिचा तो चकित चेहरा लक्षात राहतो. ही आई खेळणी विभागाच्या प्रमुखाला गाठून सांगते, की यापुढे मी मेसीजचीच गिऱ्हाईक. क्रिसला कामावरून काढायला निघालेल्या त्या प्रमुखाचा सूर एका दमात बदलतो. मालक तर हेच दुकानाचे धोरण म्हणून जाहीर करतात, कारण गिऱ्हाइकाच्या मनात घर केले की विक्री आपोआप वाढणार. मग जवळच असलेले प्रतिस्पर्धी दुकान गिंबल्स मागे राहील कसे? तेही गिऱ्हाइकांना मेसीजकडे धाडू लागते. दोन्ही मालक कॅमेऱ्यांसमोर हस्तांदोलन करतात. चांगुलपणा सगळीकडे पसरतो खरा, पण प्रत्येकाचा एक डोळा गल्ल्यावर असतो.

या चित्रपटाचे बळ इथे आहे. त्याला उगाचच निव्वळ गोड समजतात. नीट पाहिले तर क्रिस, सूझन आणि डोरिसचा शेजारी, वकील फ्रेड गेली सोडल्यास इथे श्रद्धेपोटी फारसे कोणी काही करत नाही. जो तो आपल्या सोयीने वागतो आणि तरी गोष्ट योग्य दिशेने सरकत राहते. शहाण्या, हिशेबी माणसांच्या शहरात सांताक्लॉज टिकतो कसा, याचे इतके मिश्कील उत्तर दुसऱ्या कुठल्या नाताळकथेने दिलेले नाही.

दुकानात नोकरांच्या मानसिक चाचण्या घेणारा सॉयर नावाचा एक अर्धकच्चा मानसतज्ज्ञ आहे. आल्फ्रेड नावाचा सतरा वर्षांचा झाडूवाला हौसेने सांता होऊन मुलांना भेटी वाटतो, तर हा त्याच्या डोक्यात भरवतो की तुझ्या मनात अपराधगंड आहे. क्रिसला हे कळते आणि तो सॉयरच्या डोक्यात टोला हाणतो. परिणामी त्याची रवानगी बेलव्ह्यू रुग्णालयात होते. डोरिसनेही आपल्याला वेडाच ठरवले, या समजुतीने खचून तो तिथल्या चाचणीत मुद्दाम चुकीची उत्तरे देतो. मग त्याला कायमचे वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचे की नाही, हे ठरवायला प्रकरण कोर्टात उभे राहते. फ्रेड क्रिसचे वकीलपत्र घेतो, आणि हा माणूस खराच सांताक्लॉज असल्याचे कोर्टात सिद्ध करायला निघतो.

कोर्टाचा हा भाग समजायला तिथली एक पद्धत माहीत हवी. न्यूयॉर्क राज्यात अशा न्यायालयांचे न्यायाधीश मतदानाने निवडून येतात. जीन लॉकहार्ट यांनी रंगवलेले न्यायाधीश हार्पर पुन्हा निवडणुकीला उभे राहणार आहेत. त्यांचा राजकीय सल्लागार त्यांना बाजूला घेऊन समजावतो: सांताक्लॉज नाही असा निकाल द्या, मग बघा काय होते ते. खेळण्यांचे कारखानदार बिथरतील, कामगार संघटना चिडतील, दुकानदार उलटतील. तुम्हाला दोनच मते पडतील, एक तुमचे आणि एक सरकारी वकिलाचे. न्यायाधीश खिन्नपणे म्हणतात, तो तर विरोधी पक्षाचा. घरी नातवंडांनी आजोबांशी बोलणे टाकलेले असते, ते वेगळेच. इकडे आड, तिकडे विहीर.

सरकारी वकील मारा याची अवस्था याहून वाईट. फ्रेड त्याच्याच लहान मुलाला साक्षीदार म्हणून बोलावतो. सांता आहे असे तुला कोणी सांगितले, या प्रश्नावर पोरगा बापाकडे बोट दाखवतो, आणि बाबा खोटे बोलणार नाहीत अशी ग्वाहीही देतो. बिचारा मारा सांताचे अस्तित्व सरकारतर्फे मान्य करून टाकतो. मेसीजच्या मालकाची साक्ष होते तेव्हा त्यालाही आधी आपल्या दुकानाची अब्रू आठवते. (इथे चित्रपटाने बिनदिक्कत घेतलेली एक सूट सांगण्यासारखी आहे. दुकानाचे संस्थापक रोलंड मेसी १८७७ मध्येच वारले होते आणि दुकान कधीच स्ट्राउस घराण्याकडे गेले होते. पडद्यावरचे ‘मिस्टर मेसी’ निव्वळ काल्पनिक.)

प्रश्न उरतो तो हाच माणूस सांता कशावरून, हा. तो सोडवते टपाल खाते. सूझन क्रिसला धीर देणारे पत्र लिहिते, तिची आई त्याखाली दोन ओळी जोडते, आणि पाकिटावर पत्ता असतो न्यूयॉर्कच्या न्यायालयाचा. पत्रे निवडणाऱ्या कारकुनाच्या हाती हे पाकीट पडते. सांताच्या नावे आलेल्या पत्रांच्या गोण्या खात्यात नुसत्या साठून अडगळ झालेल्या असतात. त्यांची ब्याद टाळायची ही नामी संधी, म्हणून तो सगळ्या गोण्या कोर्टात रवाना करतो. फ्रेड युक्तिवाद करतो, की टपाल खाते ही संघराज्य सरकारची शाखा, आणि पत्र भलत्याला देणे हा गुन्हा. सरकारनेच क्रिसला सांता म्हणून पत्रे पोचवली आहेत. न्यायाधीशांच्या मेजावर पत्रांचा ढीग उपसला जातो. हार्पर त्या ढिगाआडून सुटकेचा श्वास टाकत खटला निकालात काढतात. श्रद्धेच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा देतो तो गोण्या हटवू पाहणारा एक कारकून, आणि त्याला त्याची कल्पनाही नसते.

सांताला पत्रे लिहिण्याची प्रथा चित्रपटाने रचलेली नाही. १९१२ मध्ये पोस्टमास्टर जनरल फ्रँक हिचकॉक यांनी अशी पत्रे टपाल कर्मचाऱ्यांना आणि नागरिकांना उत्तरासाठी द्यायला परवानगी दिली होती. सांता खरेच आहे का, या मुलांच्या शंकेला छापील उत्तर त्याआधीच मिळाले होते. सप्टेंबर १८९७ मध्ये व्हर्जिनिया ओहॅन्लन या आठ वर्षांच्या मुलीने न्यूयॉर्कच्या ‘द सन’ या वृत्तपत्राला सांता आहे का, असे विचारले आणि फ्रान्सिस चर्च यांनी निनावी अग्रलेखातून होकार दिला. अग्रलेखाचा भर न दिसणाऱ्या गोष्टींच्या सत्यतेवर होता. सीटन यांचा चित्रपट त्या वाटेने जात नाही. तो उपदेश जवळजवळ करतच नाही. कज्जा कोर्टात नेऊन गंमत बघतो.

क्रिसचे काम करणारे एडमंड ग्वेन हे मूळचे लंडनचे. १९४६ च्या खऱ्या मिरवणुकीत सांताच्या रथावर तेच बसले होते. मिरवणूक काही सिनेमासाठी पुन्हा निघणार नव्हती, त्यामुळे ती दृश्ये कडाक्याच्या थंडीत एका फटक्यात टिपावी लागली. ग्वेन तेव्हा ६९ वर्षांचे होते. ते क्रिसला भाबडा करत नाहीत, गूढही करत नाहीत. आपल्या कामात चोख असलेला म्हातारा कारागीर जसा सहज बोलतो, तसे ते बोलतात. छोट्या नॅटलीला चित्रीकरणभर ते खरेच सांता वाटत होते, असे तिने पुढे सांगितले. या भूमिकेसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले, डेव्हिस यांना कथेचे आणि सीटन यांना पटकथेचे. सगळे मात्र खूश नव्हते. कॅथलिक चर्चशी संबंधित ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ या संस्थेने चित्रपटाला ‘अंशतः आक्षेपार्ह’ ठरवले. नायिका घटस्फोटित, हे कारण.

शेवटही दुधारी आहे. सूझनला नाताळची भेट म्हणून घर हवे असते, मासिकातून कापलेल्या चित्रासारखे. नाताळच्या सकाळी झाडाखाली घर नसते आणि ती हिरमुसते. नंतर क्रिसने सांगितलेल्या रस्त्याने गाडी जाते आणि तिला हुबेहूब तेच घर दिसते, बाहेर ‘विकणे आहे’ची पाटी. वेड्या म्हाताऱ्याला सांता ठरवून दाखवले म्हणून फ्रेड स्वतःवर खूश असतो. तेवढ्यात त्याला कोपऱ्यात क्रिसच्या छडीसारखी छडी दिसते. ती आधीच्या भाडेकरूची असेल, नसेलही. चित्रपट खुलासा करत नाही. मुलांना एक उत्तर मिळते, मोठ्यांना हवे ते घेता येते. सात वर्षांच्या पोराबरोबर सत्तर वर्षांचे आजोबा तितक्याच रसाने हा चित्रपट बघू शकतात त्याचे हे एक कारण.

पुढे ही कथा पुन:पुन्हा काढली गेली. टेलिव्हिजनवर तिची रूपांतरे झाली, आणि १९६३ मध्ये ‘हिअर्स लव्ह’ नावाने ब्रॉडवेवर संगीत नाटकही आले. १९९४ च्या चित्रपटात क्रिस झाले रिचर्ड अ‍ॅटनबरो, म्हणजे आपल्याकडे ‘गांधी’मुळे घरोघरी पोचलेले दिग्दर्शक. त्यांचा सांता लोभस आहे. पण मेसीजने आपले नाव वापरू दिले नाही, गिंबल्स तर १९८७ मध्ये बंद झाले होते, त्यामुळे काल्पनिक दुकान उभारावे लागले. कोर्टातला पुरावाही बदलला. तिथे टपालाच्या गोण्या येत नाहीत. डॉलरच्या नोटेवर देवावरील विश्वासाचे वचन सरकार छापते, तर सांतावरचा विश्वास वेडेपणा कसा, असा न्यायाधीशांचा तर्क आहे. तर्क चलाख असला तरी त्यात अडगळ हटवणारा कारकून नाही. त्यामुळे विनोदाची धार गेली. २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी निवड झाली ती १९४७ च्या कृष्णधवल चित्रपटाची.