बुंदी, तुझी जागा ती!

(एपिसोडमधलं बोलणं जवळजवळ तसंच इथे उतरवलंय. माझे ‘म्हणजे’ आणि ‘अॅक्चुअली’ थोडे कमी केलेत. मधेमधे येणारं भुंकणं लिहिता येत नाही, त्यासाठी ऑडिओच लावा.)

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज बुंदी.

बुंदी म्हणजे आमची कुत्री. देशी, पिवळट, पाठीवर तपकिरी ठिपके. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात वाकडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली कुडकुडत बसलेली सापडली. पहिल्या रात्री रडरड रडली, म्हणून मी तिला उचलून पांघरुणात घेतलं. झालं. ती ‘एक रात्र’ दोन वर्षं चालली. आता ती १८ किलोची आहे आणि बेडवर आडवी झोपते. मी एका कडेला, बायको दुसऱ्या कडेला.

आता एक गोष्ट आधीच सांगतो. कुत्रं बेडवर झोपणं यात चूक काही नाही. ‘बेडवर घेतलं की ते स्वतःला घरचा मालक समजायला लागतं’ असं सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. ही समजूत बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणांवरून आली. डेव्हिड मीच नावाच्या संशोधकाच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती आणखी पसरली, आणि त्यानेच नंतर जंगलातले लांडगे पाहून सांगितलं की तिथली टोळी म्हणजे साधं कुटुंब असतं, आईबाप आणि पिल्लं. कुत्रं बेडवर येतं कारण तिथे मऊ असतं, ऊब असते आणि आपण असतो. बस, एवढंच.

मग आम्हाला का बदलायचं होतं? आईमुळे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि नंतरचे दोन महिने ती आमच्याकडे राहणार होती. आमचा वन बीएचके. आईला दमा आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, शक्यतो कुत्रं घरात नकोच, आणि ते जमत नसेल तर निदान झोपायच्या खोलीत तरी अजिबात नको. बेडरूम आईला, आम्ही दोघं हॉलमध्ये गादीवर, आणि बुंदीने हॉलमध्येच पण स्वतःच्या जागेवर. म्हणजे आमच्या अंथरुणातले केस सकाळी आईच्या खोलीत जायला नकोत. मावशी फोनवर म्हणाली, “अरे, दे ना कुणाला तरी पाळायला, त्यात काय!” बायको त्या दिवशी जेवली नाही. आमच्या हातात सहा आठवडे होते.

पहिला प्रयत्न पूर्ण फसला, आणि तोच सांगण्यासारखा आहे.

ऑनलाइन फोमचा बेड मागवला. महाग. बेडरूमच्या कोपऱ्यात ठेवला. ती वर चढली की खाली उतरवायचं, एवढाच प्लॅन. आठ-नऊ रात्री बऱ्या गेल्या, कुरकुर कमी झाली. मग एका रात्री मी ऑन-कॉल होतो. तीन वाजता अलर्ट आला, प्रॉडक्शन पडलेलं. मी लॅपटॉप घेऊन बेडवर बसलो, बुंदी आली, पुढचे दोन पाय गादीवर ठेवून कुंईकुंई करायला लागली. मी म्हटलं, ये बाई, एक दिवस चालतंय. दुसऱ्या रात्रीपासून तिने जो धोशा लावला! आधी दहा मिनिटं कुरकुरायची, आता तासभर. आणि फोमचा बेड? त्याचा कापूस घरभर.

इथे बी. एफ. स्किनरची गोष्ट ऐका. हा मानसशास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करायचा. उंदराने दांडी दाबली की खाण्याची गोळी पडायची. या गोळ्या तो स्वतः बनवायचा, आणि ते भलतं कंटाळवाणं काम. एका शनिवारी दुपारी त्याच्या लक्षात आलं की साठा सोमवारी सकाळीच संपणार. मग त्याने विचार केला, प्रत्येक वेळी गोळी द्यायलाच हवी का? अधूनमधून दिली तर? उंदीर दांडी दाबतच राहिले. पुढे फर्स्टर आणि स्किनर यांचं या विषयावर १९५७ मध्ये एक जाडजूड पुस्तकच आलं. मुद्दा असा की कधीतरीच बक्षीस मिळणारी सवय मोडायला सगळ्यात अवघड जाते.

आपल्या भाषेत सांगायचं तर, सर्व्हर पूर्ण बंद असेल तर आपण टॅब बंद करून चहाला जातो. पण पाच वेळा रिफ्रेश केल्यावर एकदा पेज लोड होत असेल तर? आपण रिफ्रेश करतच बसतो. मी बुंदीला नेमकं तेच शिकवलं होतं. ‘नाही’चा अर्थ ‘अजून थोडं रड’.

दुसऱ्यांदा आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. बेडवरून हाकलायचं नाही, स्वतःची जागा आवडती करायची. आईनेच जुन्या साड्यांची शिवलेली एक गोधडी घडी घालून आमच्या बेडला अगदी चिकटून ठेवली. तिच्यावर बुंदी आधीपासून लोळायची, सगळ्यांचा वास होता तिला. सराव दिवसा, रात्री नाही. एक पाय गोधडीवर पडला की उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. मग चारही पाय पडले तरच. मग बसली तरच. मग आडवी झाली तर, आणि तुकडा हातातून न देता गोधडीवरच ठेवायचा. शब्द एकच, ‘जागेवर’. हा शब्द ती स्वतःहून जायला लागल्यावर जोडला, आधी नाही, कारण ज्याचा अर्थच माहीत नाही तो शब्द वीस वेळा ओरडून ती फक्त तो दुर्लक्षित करायला शिकली असती. मग मी एक पाऊल लांब, पाच सेकंद. मग दाराबाहेर. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, ती कंटाळायच्या आत बंद.

रात्रीचा नियम एकच होता. वर आली तर न रागावता, न बोलता, न कुरवाळता खाली. बोलणं हेही तिच्यासाठी बक्षीसच आहे. शू लागली असेल तर पट्टा लावून खाली न्यायचं, दिवे नाहीत, गप्पा नाहीत, परत गोधडीवर. आणि हो, तिसऱ्या-चौथ्या रात्री प्रकरण आधी वाढतं. लिफ्ट येत नाही म्हणून आपण बटण जोरजोरात दाबतो ना, तसं. बहुतेक लोक तिथेच हार मानतात. त्या रात्री बायकोने माझा हात धरून ठेवला होता, अक्षरशः.

पण फटाके वाजत असतील किंवा ती थरथरत असेल तर हे सगळं गुंडाळून ठेवायचं आणि तिला जवळ घ्यायचं. भीती म्हणजे हट्ट नाही. नेहमी शांत झोपणारं कुत्रं एकदम रात्री अस्वस्थ झालं तर ट्रेनिंग नको, आधी डॉक्टर. सांधे, पोट, काहीही असू शकतं.

मग गोधडी रोज वीतभर सरकवली. बेडपासून दारापर्यंत दहा दिवस, दारातून हॉलमध्ये आणखी आठवडा. एकदा घाईने एकदम तीन फूट सरकवली, तर ती रात्री गोधडी तोंडात धरून परत घेऊन आली. दोन दिवस मागे गेलो. उन्हाळा सुरू झाला तेव्हा ती गोधडी सोडून शेजारच्या गार फरशीवर झोपायला लागली, ते आम्ही चालवून घेतलं. बेडवर नाही ना, मग झालं.

आई आली त्याला आता पाच आठवडे झाले. बेडरूमचं दार बंद असतं. आईचा इन्हेलर उशाशी असतो, रात्रीचा एकदाच लागला. बुंदी हॉलमध्ये, नाक दाराच्या फटीकडे करून.

नवा प्रश्न वेगळाच आहे. आई आता वॉकर घेऊन डायनिंग टेबलपर्यंत येते, आणि जेवताना बुंदी तिच्या खुर्चीपाशी बसून एकटक बघते. मी म्हटलं, “आई, तू तिला काही देतेस का?” तर म्हणाली, “छे रे. कधीतरीच. पोळीचा एवढासा तुकडा.”