ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर

मुंबई येथील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून शिक्षण घेऊन वैद्यक व लोकजीवन या दोन्ही क्षेत्रांत कार्य केलेले मान्यवर. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट (कार. १८३५–३८) यांच्या स्मरणार्थ हे महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभारलेले रुग्णालय त्यास जोडण्यात आले. चार्ल्‌स मोरहेड हे पहिले प्राचार्य होत. पदवीधरांची पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. त्या वेळी मुंबई विद्यापीठ अस्तित्वात नसल्यामुळे ‘ग्रॅज्युएट ऑफ ग्रँट मेडिकल कॉलेज’ हीच त्यांची पदवी होती.

पाश्चात्त्य वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण घेतलेल्या या पहिल्या पिढीचे कार्य दवाखान्यापुरते मर्यादित राहिले नाही. निरीक्षण व प्रयोग यांची शिस्त तिने समाज, इतिहास आणि निसर्ग यांच्या अभ्यासासही लावली. पहिल्या तुकडीतील भाऊ दाजी लाड (मृत्यू १८७४) यांनी कुष्ठरोगावर वनस्पतिज तेलाचे प्रयोग केले. प्राचीन शिलालेख, नाणी व कालिदासाचा काळ यांवर त्यांनी संशोधन केले आणि स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयास १९७५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचे सहाध्यायी आत्माराम पांडुरंग तर्खडकर (१८२३–९८) हे प्रार्थना समाजाच्या (१८६७) संस्थापकांपैकी होत. मुंबईतील निसर्गेतिहास संस्थेच्या (१८८३) आठ संस्थापकांत ते व सखाराम अर्जुन हे दोघेच भारतीय होते. दोघेही याच महाविद्यालयाचे पदवीधर. सखाराम अर्जुन यांनी तेथे वनस्पतिशास्त्राचे अध्यापन केले आणि मुंबईच्या बाजारातील औषधी द्रव्यांची सूची तयार केली. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी अष्टांगहृदय या संस्कृत ग्रंथाचे संपादन केले. नव्या वैद्यकाचे शिक्षण घेऊनही जुन्या वैद्यकाचा अभ्यास करता येतो, हे त्यांच्या कार्यावरून दिसते.

या शिक्षणाची खरी कसोटी १८९६ मध्ये लागली. मांडवी भागात वैद्यकी करणारे, मूळचे गोव्याचे अकासियो गाब्रिएल व्हिएगस (१८५६–१९३३) यांनी सप्टेंबरमध्ये ज्वर व गाठी असलेले रुग्ण तपासून ग्रंथिक सन्निपाताचे म्हणजेच प्लेगचे निदान केले. बंदराच्या व्यापारावर या निदानाचा परिणाम अटळ असल्याने ते सहजी स्वीकारले गेले नाही. पुढे अन्य तज्ञांनी त्यास दुजोरा दिला. महाविद्यालयाच्या पेटिट प्रयोगशाळेत व्हाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

स्त्रियांना १८८३ पासून या महाविद्यालयात प्रवेश मिळू लागला. पुरुष वैद्याकडून तपासणी करून घेण्यास स्त्रियांची तयारी नसे. त्यामुळे हा केवळ शिक्षणाच्या हक्काचा नव्हे, तर स्त्रीरुग्णांच्या जीवनमरणाचा प्रश्न होता. जेरूशा झिराड या १९१२ मध्ये येथून उत्तीर्ण झाल्या. लंडनची एम्.डी. पदवी (१९१९) मिळवून परतल्यावर त्यांनी कामा रुग्णालयाचे प्रमुखपद दीर्घकाळ सांभाळले व मातामृत्यूंच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) यांनी गर्भाशयाची ग्रीवा अकाली सैल होऊन होणाऱ्या गर्भपातावर, ग्रीवेभोवती टाका घालण्याची शस्त्रक्रिया १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. ती जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

जीवराज मेहता (१८८७–१९७८) यांनी मुंबईचे के. ई. एम्. रुग्णालय व त्यास संलग्न असलेल्या महाविद्यालयाच्या जडणघडणीत प्रमुख भाग घेतला. पुढे १९६० मध्ये ते गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. सुघटन शल्यचिकित्सक नोशीर अंतिया (१९२२–२००७) यांनी कुष्ठरोगाने वाकडे झालेले हात व विद्रूप झालेले चेहरे शस्त्रक्रियेने सुधारण्याचे कार्य केले. उत्तरायुष्यात त्यांनी ग्रामीण आरोग्यसेवेत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांचे महत्त्व प्रतिपादन केले. भाऊ दाजींनी हाताळलेला कुष्ठरोगाचा प्रश्न शंभर वर्षांनी याच संस्थेच्या दुसऱ्या पदवीधराने निराळ्या मार्गाने पुढे नेला, हे लक्षणीय आहे. रोगाइतकेच रोग्याच्या सामाजिक परिस्थितीकडे लक्ष देणे, हा या पदवीधरांच्या कार्यातील समान धागा होय.