पाण्याची वाट, हिमाची वाट

‘बर्फ’ हा एकच शब्द आपण दोन निराळ्या वस्तूंना लावतो. आभाळातून पिंजलेल्या कापसासारखं पडतं, ते हिम. पाणी गोठून काचेसारखं टणक होतं, तो बर्फ. या दोन्हींशी गाठ घालून देणाऱ्या एका खेळाविषयी आज बोलू.

कॅनडाच्या पश्चिमेला रॉकी आणि सेलकर्क या पर्वतरांगा आहेत. हिवाळ्यातला शनिवार-रविवार आला, की तिथले हौशी लोक पायांना स्की नावाच्या लांब पट्ट्या बांधून डोंगरात शिरतात. चढताना पट्टीच्या तळाला लवदार कापड चिकटवतात. त्याची लव मागच्या बाजूला झुकलेली असते. त्यामुळे पट्टी पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. माथ्यावर पोचल्यावर कापड काढायचं, मोकळी ठेवलेली टाच पक्की करायची आणि उताराने घसरत खाली यायचं.

काहीजण असेच गोठलेले धबधबे शोधत जातात. कड्यातून झिरपणारं पाणी थरावर थर गोठत जातं आणि बर्फाचे उंच खांब तयार होतात. दोन्ही हातांत आखूड कुऱ्हाडी, बुटांना पोलादी दाते आणि दोर अडकवायला बर्फात फिरवून बसवायचे पोकळ स्क्रू, एवढ्या सामानावर ते चढतात. पण एखाद्या वर्षी पाणीच कमी असतं, एखाद्या वर्षी थंडी लांबते. म्हणून खांब धरला आहे की नाही, हे आधी जाऊन पाहावं लागतं.

आता असं पाहा, की धबधबा असतो कुठे? घळीत. पाण्याला उतरायला जी वाट सोयीची, तीच हिमाच्याही सोयीची. घळीच्या वरच्या अंगाला हिमाने भरलेला मोठा उतार असला, तर खाली उभा असलेला माणूस जणू नरसाळ्याच्या तोंडाशीच उभा असतो.

हे हिम कोसळतं का? थर पातळ आणि थंडी कडाक्याची असली, म्हणजे तळाचं हिम उबदार आणि वरचं फार गार राहतं. तळाची वाफ वर सरकते आणि खालचे कण साखरेसारखे जाड व सुटे होतात. वादळवारा त्यावर नव्या हिमाची घट्ट लादी बसवतो. साखरेच्या राशीवर फरशी ठेवली, तर ती किती वेळ टिकणार? ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनानेही लादी तुटते आणि हिमलोट सुटतो.

म्हणून प्रत्येकाजवळ फावडं, हिमात खुपसायची लांब काठी आणि संदेश सोडणारं एक छोटं यंत्र असतं. हे यंत्र ४५७ किलोहर्ट्झवर, म्हणजे आपल्या रेडिओवर मध्यम लहरींची केंद्रं जिथे सुरू होतात त्याच्या जरा खालीच, टिकटिकत राहतं. दहा मिनिटांच्या आत उकरून काढलं, तर दहांपैकी नऊजण वाचतात. अर्ध्या तासाने मात्र जेमतेम तीन.

१ फेब्रुवारी २००३ रोजी सेलकर्कमधल्या रॉजर्स खिंडीजवळ शाळेची एक सहल स्कीवर निघाली होती. १४ विद्यार्थी आणि ३ मोठी माणसं. साधनं सगळ्यांजवळ होती. वरच्या उतारावरून हिमलोट आला आणि सगळे त्यात सापडले. दरीत पुढे असलेल्या दोघांनी धावत येऊन माणसं उकरायला सुरुवात केली. तरीही ७ मुलं गेली.

त्यानंतर तिथल्या राष्ट्रीय उद्यानांनी डोंगरवाटांची तीन गटांत विभागणी केली: सोप्या, अवघड आणि गुंतागुंतीच्या. शाळेच्या मुलांना अवघड वाटेवर न्यायचं तर प्रमाणपत्र असलेला वाटाड्या हवाच. गुंतागुंतीच्या वाटेवर त्यांना न्यायचंच नाही.

या वर्गवारीत आजचं हिम कसं आहे, हे विचारलेलं नाही. उतार केवढा आणि वर घळी किती, अशा जागेच्याच गोष्टी पाहिलेल्या आहेत. कारण हिमाचा स्वभाव रोज बदलतो, घळीची जागा बदलत नाही. ती नकाशावर घरी बसूनही दिसते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या सह्याद्रीत हिम नाही. पण पावसाळ्यात घळीतून पाण्याचा लोंढा येतो, दगडही येतात. मुलांना धबधब्याखाली नेण्याआधी नकाशा उघडा, गावातल्या जुन्या माणसाला विचारा आणि डबे सोडायची जागा घळीच्या तोंडापासून दूर, आदल्या दिवशीच ठरवून टाका.